शहराचा विकास आराखडा आणि आपली वस्ती

महानगरपालिका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे घरपट्टी, पाणीपट्टी, सकाळची घंटागाडी आणि निवडणुकीचा गुलाल एवढ्याच गोष्टी येतात. परंतु आपल्या मुलांना खेळायला मैदान मिळेल की नाही, दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर असेल की दोन रिक्षा बदलून जावे लागेल, घरासमोरच्या गल्लीत अग्निशमन दलाचा बंब शिरेल की नाही, हे सारे निवडणुकीच्या कितीतरी आधी एका कागदावर ठरलेले असते. तो कागद म्हणजे शहराचा विकास आराखडा होय. हा विषय अभियंत्यांचा व बिल्डरांचा आहे असे समजून आपला समाज त्याच्यापासून दूर राहिला. या स्मरणिकेच्या निमित्ताने सभासद बंधू-भगिनी आणि विशेषतः विद्यार्थी यांच्यासाठी हा विषय सोप्या भाषेत मांडावा, असे आम्हास वाटले.

जुन्या गावाची रचना आठवून पाहा. तिथे कोणताही छापील नकाशा नव्हता, तरी नियोजन पक्के होते. पाणवठा कोणाचा, वाट कोणाची, वस्ती कोणत्या दिशेला आणि गावापासून किती दूर, हे सारे ठरलेले होते आणि ते ठरविताना आपल्याला कोणी विचारले नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना गाव सोडून शहराकडे जाण्यास सांगितले, त्यामागे ही जखडलेली रचना मोडण्याचा विचार होता. माणसे शहरात आली. परंतु शहरात तरी त्यांना कोणती जागा मिळाली? पुष्कळदा नाल्याच्या कडेची, नदीच्या काठची, रेल्वेलाईनलगतची. गावाची अलिखित रचना शहराच्या लेखी नकाशातून पुन्हा उमटू द्यायची की पुसून टाकायची, हा खरा प्रश्न आहे. गावाच्या रचनेवर हरकत घेण्याची सोय नव्हती. शहराच्या आराखड्यावर ती कायद्याने आहे. म्हणूनच तो वाचता आला पाहिजे.

पाणवठ्याच्या हक्कापासून नकाशापर्यंत

सार्वजनिक सुविधांचा लढा आपल्याला नवा नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सरकारी किंवा सार्वजनिक पैशांतून बांधलेले व चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. त्यानुसार महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत आपले तळे खुले करण्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक चवदार तळ्यावर गेले तेव्हा त्या कागदाला जीव आला. पुढे त्याच नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये आपला ठराव मागे घेतला, आणि उच्च न्यायालयाचा निर्णय आपल्या बाजूने लागेपर्यंत १९३७ साल उजाडले.

महाडच्या या इतिहासात आजच्या विषयाचे दोन धडे आहेत. एक, नगरपालिकेचा ठराव हा शेवट नसतो, ती सुरुवात असते. दोन, महाडला तळे होते म्हणून त्यावर हक्क सांगता आला. आज कायद्याने कोणतीही सार्वजनिक सुविधा कोणालाही बंद नाही. पण जिथे शाळा, उद्यान, अभ्यासिका यांपैकी काहीच नाही, तिथे हक्क बजावायचा कशावर? सुविधा वापरण्याच्या हक्काची पुढची पायरी म्हणजे ती आपल्या परिसरात निर्माण होण्याचा हक्क. आणि त्या हक्काचा पहिला उंबरठा म्हणजे जमीन.

त्रिरश्मीच्या भिंतीवरील साक्ष

नाशिककरांना ही गोष्ट समजून घ्यायला फार लांब जावे लागत नाही. शहराच्या दक्षिणेस मुंबई-आग्रा महामार्गालगत त्रिरश्मी डोंगरावर जी लेणी आहेत, ती आपण सारे वंदनेसाठी जाऊन पाहतो. तेथील शिलालेख मात्र फार थोडे लोक वाचतात. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातील हे लेख केवळ धर्मदानाचे नाहीत, त्यांत नगराच्या कारभाराची नोंदही आहे.

दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्याने भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन व शूर्पारक येथे प्रवाशांसाठी विश्रांतिगृहे बांधली, विहिरी व तळी खोदली, दमण, तापी अशा नद्यांवर फुकट नावांची सोय केली आणि नदीच्या दोन्ही काठांवर बसण्याच्या जागा व पाणपोया उभारल्या, असे तो सांगतो. यातील गोवर्धन म्हणजे नाशिकच्या पश्चिमेचा आजचा गंगापूर-गोवर्धन परिसर. आजच्या भाषेत ही धर्मशाळा, पाणीपुरवठा, पूल व घाट यांचीच यादी झाली.

त्याने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापणांची कायम ठेव गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. त्यातील २,००० वर दरमहा शेकडा एक व्याज होते. विद्यार्थ्यांनी हिशेब करून पाहावा: वर्षाचे २४० कार्षापण होतात, आणि लेखात म्हटल्याप्रमाणे वर्षावासातील २० भिक्षूंना प्रत्येकी १२ याप्रमाणे चीवरासाठी ते बरोबर पुरतात. एवढेच करून तो थांबला नाही. हे सारे निगमसभेत वाचून दाखविले गेले आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदविले गेले, असे लेखात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे रक्कम किती, ती कोणाकडे, तिचा विनियोग कशासाठी, हे नगरसभेत जाहीर करण्याची व लिहून ठेवण्याची पद्धत आपल्या भागात सुमारे १,९०० वर्षांपूर्वी होती.

तिसऱ्या लेण्यातील गौतमीपुत्र सातकर्णीच्या काळचा लेख तर आपल्या विषयाला थेट भिडतो. भिक्षूंना आधी कखडी गावातील शेत दिले होते. पण ते शेत कसले जात नव्हते आणि ते गावही ओस होते. तेव्हा गोवर्धनच्या अधिकाऱ्याला आज्ञा झाली की, त्याऐवजी नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीच्या शेतातून १०० निवर्तने जमीन द्यावी. कागदावर दिलेली जमीन उपयोगाची नाही, ही गोष्ट राजापर्यंत कोणीतरी पोहोचविल्याखेरीज ही दुसरी आज्ञा निघाली नसती, असेच म्हणावे लागेल. जागा नावावर असणे वेगळे आणि जागा कामी येणे वेगळे, हे यापेक्षा सोप्या शब्दांत सांगणे कठीण आहे.

नाशिक कसे वाढले?

नाशिक नगरपालिका १८६४ मध्ये स्थापन झाली. तेव्हाचे शहर म्हणजे गोदाकाठचे जुने गावठाण आणि पंचवटी. नाशिकरोडला १९२० च्या दशकात सरकारी छापखाना आला, पुढे सातपूर व अंबड येथे औद्योगिक वसाहती आल्या, सिडकोने नवीन नाशिकमध्ये सहा योजनांतून कामगार व अल्प उत्पन्न गटांसाठी घरे बांधली. ७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक, नाशिकरोड-देवळाली व सातपूर या नागरी भागांसह आसपासची वीसहून अधिक खेडी एकत्र करून महानगरपालिका झाली. क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर झाले. जनगणनेप्रमाणे शहराची लोकसंख्या १९९१ मध्ये सुमारे ६ लाख ५७ हजार, २००१ मध्ये १० लाख ७७ हजार आणि २०११ मध्ये १४ लाख ८६ हजार होती. वीस वर्षांत दुपटीहून अधिक!

मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव, पाथर्डी, विहितगाव ही नावे आज उपनगरांची वाटतात, पण ती गावे होती. त्यांच्या शेतांवर कॉलन्या उभ्या राहिल्या. अशा वाढीत शाळेसाठी, बाजारासाठी, स्मशानभूमीसाठी जागा आधीच राखून ठेवली नाही, तर नंतर ती कितीही पैसे मोजून मिळत नाही. विकास आराखड्याची गरज नेमकी इथे आहे.

महापालिका झाल्यावरचा पहिला आराखडा १९९३ मध्ये मंजूर झाला. त्याच वर्षी १ जूनपासून राज्यघटनेची ७४ वी दुरुस्ती अंमलात आली. तिने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी १८ विषय दिले आहेत. त्यांत नगरनियोजन पहिले आहे. दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण, झोपडपट्टी सुधारणा, उद्याने व क्रीडांगणे, दफनभूमी व दहनभूमी हेही विषय त्यात आहेत. दुसरा आराखडा मात्र सहज आला नाही. २०१३ मध्ये तयार झालेल्या प्रारूपाला शेतकरी व लोकप्रतिनिधींचा तीव्र विरोध झाला आणि ते बाजूला पडले. नव्याने केलेले प्रारूप २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले व २०१७ च्या प्रारंभी शासनाने त्यास मंजुरी दिली. सध्या नाशिकची वाढ या आराखड्यानुसार होत आहे.

आराखडा म्हणजे काय?

भारतातील पहिला नगररचना कायदा १९१५ साली मुंबई इलाख्यात झाला. १९५४ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर विकास आराखडा करण्याचे बंधन आले. आज महाराष्ट्रात १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम लागू आहे. तो महानगरपालिकेला लागू आहे तसाच भगूर, सिन्नर, इगतपुरी, येवला अशा नगरपालिकांनाही लागू आहे. तेव्हा तालुक्याच्या गावी राहणाऱ्या वाचकांनी हा लेख आपला नाही असे समजू नये.

आराखड्यात मुख्यतः तीन गोष्टी असतात. पहिली, जमिनीचा वापर. रहिवास, व्यापार, उद्योग, शेती व हरित पट्टा असे विभाग निरनिराळ्या रंगांनी दाखविलेले असतात. नकाशाच्या कडेला खुणांची सूची असते, ती आधी वाचावी. दुसरी गोष्ट रस्ते. अस्तित्वातील रस्ते, रुंदीकरणाचे रस्ते आणि नवीन प्रस्तावित रस्ते त्यांच्या मीटरमधील रुंदीसह दाखवितात. तिसरी आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे आरक्षणे. शाळा, क्रीडांगण, उद्यान, दवाखाना, बाजार, वाचनालय, समाजमंदिर, स्मशानभूमी, बेघरांसाठी घरे अशा कामांसाठी खासगी वा सरकारी जमिनी राखून ठेवतात व प्रत्येक आरक्षणाला क्रमांक देतात. नोकरीतील आरक्षण आपण जाणतो. जमिनीचे हे आरक्षणही तितकेच जपण्यासारखे आहे.

आरक्षणे अंदाजाने ठेवायची नसतात. त्यांना लोकसंख्येचे प्रमाण असते. केंद्र शासनाच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक सूत्रांप्रमाणे साधारण ५,००० लोकवस्तीमागे एक प्राथमिक शाळा आणि १५,००० लोकवस्तीमागे एक दवाखाना असावा. समजा, एखाद्या परिसराची लोकवस्ती १५,००० आहे आणि तेथे एकच प्राथमिक शाळा आहे. मग उरलेल्या दोन शाळांची जागा नकाशात कुठे आहे, हे विचारण्याचा आधार आपल्याला मिळतो. मोघम तक्रारीपेक्षा आकड्याने विचारलेला प्रश्न अधिक जड असतो.

आरक्षणाखेरीज आणखी एक जागा असते, ती म्हणजे ले-आऊटमधील खुली जागा. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा ले-आऊट मंजूर करताना त्यातील १० टक्के जागा खुली ठेवावी लागते. तसेच दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत एवढ्या मोठ्या प्रकल्पांमध्ये २० टक्के घरे वा भूखंड दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवण्याचा नियम आहे आणि त्यांचे वाटप म्हाडामार्फत होते. आपल्यातील किती कुटुंबांना ही तरतूद ठाऊक आहे?

आराखडा कसा तयार होतो?

प्रथम नियोजन प्राधिकरण, म्हणजे महापालिका वा नगरपालिका, आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते. मग जमिनीचा सध्याचा वापर दाखविणारा नकाशा तयार होतो. हीच ती पायरी, जिथे एखादी जुनी वस्ती नकाशावर नीट दाखविली जाते किंवा मोकळी जमीन म्हणून सुटून जाते. त्यानंतर प्रारूप आराखडा तयार होऊन त्याची सूचना शासन राजपत्रात व स्थानिक वृत्तपत्रांत प्रसिद्ध होते. सूचना प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत कोणत्याही नागरिकास लेखी हरकती व सूचना देता येतात. हरकत घ्यायला जमीनमालक असावे लागत नाही. भाडेकरू, महिला मंडळ, विद्यार्थी, संस्था, कोणीही ती देऊ शकते.

या हरकतींची सुनावणी नियोजन समितीपुढे होते. या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य व बाहेरचे जास्तीत जास्त चार जाणकार असतात. समितीचा अहवाल आल्यावर फेरफार होऊन आराखडा शासनाकडे जातो. शासन त्यात भरीव बदल करणार असेल, तर त्या बदलांवर पुन्हा हरकती मागविल्या जातात. मंजुरीनंतरही एखादे आरक्षण बदलायचे वा हलवायचे झाल्यास कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे जाहीर सूचना द्यावी लागते व एक महिन्यात हरकत घेता येते. अशी सूचना वृत्तपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात येते. आपण ते पान उलटतो आणि मैदान हातचे जाते.

साधारणपणे वीस वर्षांतून एकदा येणाऱ्या आराखड्यात लोकांच्या वाट्याला ३० दिवस येतात. वीस वर्षे तक्रार करण्यापेक्षा हे ३० दिवस कामाला लावणे शहाणपणाचे नाही काय?

नगरसेवक आहेत, ते पाहून घेतील, असेही पुष्कळांना वाटते. परंतु नाशिकचाच इतिहास पाहा. १९८२ ला महापालिका झाली आणि पहिली निवडणूक १९९२ मध्ये झाली. मधली वर्षे प्रशासकाची गेली. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावरही निवडणूक लांबली व कारभार प्रशासकाकडे गेला. सभागृह असो वा नसो, हरकत घेण्याचा नागरिकाचा हक्क कायम असतो.

आरक्षणाचे आयुष्य दहा वर्षांचे

नकाशात क्रीडांगण दाखविले म्हणजे क्रीडांगण झाले, असा गैरसमज सर्वत्र आहे. नकाशातील जागा बहुधा खासगी मालकीची असते. ती महापालिकेने मिळवावी लागते. त्याचे मार्ग कलम १२६ मध्ये आहेत: वाटाघाटीने मोबदला देऊन, मोबदल्याऐवजी चटई क्षेत्र किंवा विकास हक्क हस्तांतरण, म्हणजे ज्याला सगळे टीडीआर म्हणतात ते देऊन, अथवा भूसंपादन करून. समावेशक आरक्षण असाही एक मार्ग असतो. त्यात मालक ठराविक जागेत सुविधा बांधून महापालिकेस देतो व उरलेली जागा स्वतः विकसित करतो.

यासाठी कायद्याने मुदत घातली आहे. अंतिम आराखडा अंमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन ताब्यात आली नाही किंवा संपादनाची अधिसूचना निघाली नाही, तर मालक कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाचे ठोस पाऊल पडले नाही, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे रद्द झाल्यासारखेच होते. नुसता पत्रव्यवहार किंवा प्रस्ताव पाठविणे म्हणजे पाऊल नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्स प्रकरणात २००७ मध्येच स्पष्ट केले आहे.

इथे आपण न्यायाने बोलले पाहिजे. जमीनमालकाची बाजूही खरी आहे. शहराच्या कडेच्या गावातील दोन-चार एकरांचा शेतकरी आरक्षण पडल्यावर ना धड बांधू शकतो, ना चांगल्या भावाने विकू शकतो. मोबदला न देता त्याची जमीन वर्षानुवर्षे अडकवून ठेवणे अन्यायाचेच आहे. २०१३ च्या प्रारूपाला झालेल्या विरोधामागे हीच चिंता होती. म्हणून आपली मागणी, मालकाला वेळेत योग्य मोबदला द्या आणि लोकांना वेळेत मैदान द्या, अशी दुहेरी असली पाहिजे. दोघांनाही ताटकळत ठेवणाऱ्या दिरंगाईविरुद्ध दोघांनी एकत्र यायला हवे.

आता तारखांकडे लक्ष द्या. नाशिकचा आराखडा २०१७ चा. म्हणजे २०२७ मध्ये त्याला दहा वर्षे पूर्ण होतात. त्यानंतर ताब्यात न आलेल्या जागांवर कलम १२७ च्या नोटिसा येऊ लागणार. त्याच सुमारास, २०२६-२७ मध्ये, सिंहस्थ कुंभमेळा आहे. तपोवन, घाट, रिंगरोड या कामांकडे प्रशासनाचे लक्ष व पैसा जाणार, हे उघड आहे. अशा वेळी आपल्या परिसरातील वाचनालयाचे वा दवाखान्याचे आरक्षण आठवण करून देणाऱ्या माणसांशिवाय टिकणार नाही.

रस्ता, पूररेषा आणि वस्ती

रस्त्याच्या रुंदीवर बांधकामाचे प्रमाण अवलंबून असते. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत रुंद रस्त्यावरील भूखंडाला अधिक चटई क्षेत्र मिळते. म्हणून रस्ता रुंद होणार अशी नुसती कुणकुण लागली तरी भाव वाढतात. पण रुंदीकरणात घरे जाणाऱ्यांना ती बातमी मार्किंग करायला माणसे आल्यावर समजते. आपल्या घरावरून कोणती रेषा गेली आहे हे नगररचना विभागातून भाग नकाशा व झोन दाखला घेऊन आधीच पाहता येते. घर किंवा प्लॉट घेण्यापूर्वी तर प्रत्येकाने ते पाहावेच. नोटरीच्या कागदावर स्वस्तात मिळालेला प्लॉट पुढे आरक्षणात किंवा रस्त्यात निघाल्यास आयुष्याची पुंजी बुडते.

नाशिकमध्ये आणखी एक रेषा वाचावी लागते, ती म्हणजे पूररेषा. गोदावरीने सप्टेंबर १९६९ आणि सप्टेंबर २००८ मध्ये शहराला जे रूप दाखविले, ते जुन्या लोकांना आठवत असेल. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई असते, तर निळ्या व लाल रेषांच्या मध्ये अटींवर परवानगी मिळते. गोदावरी, नासर्डी, वाघाडी, वालदेवी यांच्या काठी ज्या कष्टकरी वस्त्या आहेत, त्यांचा प्रश्न या रेषांनी अधिक बिकट केला आहे. काठावरून हलवणे कधी कधी जिवाच्या सुरक्षिततेसाठी गरजेचे असते, हे मान्य केले पाहिजे. पण हलवून नेणार कुठे? कामाच्या ठिकाणापासून, शाळेपासून किती दूर? पर्यायी घरांसाठी आराखड्यात जागा राखली असेल तरच या प्रश्नाला उत्तर आहे. ती जागा नसेल, तर सुरक्षिततेच्या नावाखाली माणसे पुन्हा वेशीबाहेर जातील.

आपण काय करावे?

हे काम करायला मोठा निधी लागत नाही. दहावी-बारावीच्या पुढचे चार-पाच विद्यार्थी आणि दोन-तीन ज्येष्ठ एवढे मनुष्यबळ एका प्रभागाला पुरेसे आहे. आम्ही पुढील क्रम सुचवितो.

१) आपल्या प्रभागाचा मंजूर विकास आराखड्याचा भाग नकाशा मिळवावा आणि विहारात किंवा अभ्यासिकेत सर्वांना दिसेल असा लावावा.

२) त्यातील प्रत्येक आरक्षणाचा क्रमांक, प्रयोजन, गट क्रमांक व क्षेत्र एका वहीत लिहावे. मग प्रत्यक्ष पायी जाऊन त्या जागेवर आज काय आहे ते समोरच्या रकान्यात नोंदवावे: मोकळी, कुंपण, बांधकाम, कचरा, शेती.

३) माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपये शुल्काचा अर्ज करून विचारावे की, कोणत्या आरक्षणाची जागा ताब्यात आली, कोणत्या तारखेस, आणि उरलेल्यांबाबत कोणती कार्यवाही झाली. उत्तर ३० दिवसांत अपेक्षित असते. ‘माहिती द्यावी’ असे मोघम लिहू नये. आरक्षण क्रमांक घालून विचारावे.

४) महापालिकेचे अंदाजपत्रक येण्यापूर्वीच, म्हणजे दिवाळीनंतर लगेच, भूसंपादनासाठी आपल्या प्रभागातील कोणत्या जागा आधी घ्याव्यात याचे निवेदन द्यावे. एका निवेदनात दोन किंवा तीनच मागण्या असाव्यात. पंधरा मागण्यांच्या यादीतून एकही पुढे सरकत नाही.

५) कलम ३७ च्या जाहीर सूचना व नवीन प्रारूपे यांवर लक्ष ठेवण्याचे काम एका व्यक्तीकडे नावानिशी सोपवावे. हरकतीत गट क्रमांक, आरक्षण क्रमांक, हरकतीचे कारण व आपल्याला हवा असलेला बदल, या चार गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. अर्ज दिल्यावर शिक्क्याची पोच घ्यावी व सुनावणीला हजर राहावे. हरकत दिली आणि सुनावणीला कोणी गेले नाही, तर निम्मे काम वाया जाते.

६) मागणी करताना ती सर्वांसाठी करावी. अभ्यासिका, दवाखाना, मैदान हे परिसरातील प्रत्येक मुलाचे असते. शेजारच्या कॉलनीतील लोक बरोबर आले, तर मागणीचे वजन वाढते आणि शेजारही जुळतो.

विद्यार्थ्यांना आम्ही एक गोष्ट आग्रहाने सांगू इच्छितो. नगररचना हे शिक्षणाचे व नोकरीचेही क्षेत्र आहे. वास्तुशास्त्र, स्थापत्य अभियांत्रिकी, भूगोल या विषयांतून पुढे नगरनियोजनाचे उच्च शिक्षण घेता येते. शासनाच्या नगररचना विभागातील पदे महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात. नकाशावर हरकत घेणारे हात हवेत, तसे नकाशा काढणारे हातही आपल्यातून तयार झाले पाहिजेत. वस्तीत वाढलेल्या मुलाला पाण्याच्या नळापुढील रांग किती लांब असते हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. ती समज आराखड्याच्या टेबलापर्यंत पोहोचली, तर नकाशा नक्कीच वेगळा दिसेल.

ज्या शहरात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षे नेटाने चालविला, त्या शहरातील माणसांना चिकाटी शिकवावी लागू नये. त्या पिढीने उन्हातान्हात उभे राहून बंद दारे ठोठावली. आपल्या पिढीपुढचे काम बसून करण्याचे आहे: नकाशा उघडायचा, आकडे जुळवायचे, अर्ज लिहायचा, पोच जपून ठेवायची, सुनावणीला जायचे. ते कमी दिसणारे असले तरी कमी मोलाचे नाही. पुढील वर्षावास संपेपर्यंत प्रत्येक शाखेने आपल्या प्रभागातील आरक्षणांची एक वही पूर्ण करावी, एवढी विनंती करून आम्ही हा लेख पुरा करतो. दहा वर्षांची मुदत आपल्यासाठी थांबणार नाही.